धान्य : महासत्तेचे एक शस्त्र

परराष्ट्रनीती म्हटली की तोफा, विमाने, आरमार आणि तह यांचीच आठवण होते. परंतु महासत्तेच्या शस्त्रागारात धान्य हेही एक शस्त्र असते. आम्ही धान्याच्या पेढीवर जन्म घालविला असल्यामुळे या शस्त्रास धार कशाने येते व ते बोथट कशाने होते, याविषयी दोन शब्द सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. उदाहरण अमेरिकेचे घेऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गहू इतका पिकू लागला की कोठारे अपुरी पडली. सरकारने शेतकऱ्यास भावाची हमी दिलेली. तेव्हा न खपलेला माल सरकारच्याच गळ्यात! 10 जुलै 1954 रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सार्वजनिक कायदा क्रमांक 480 वर सही केली. शिलकी धान्य मित्रराष्ट्रांस डॉलरऐवजी त्यांच्याच चलनात विकावे, अशी त्यात तरतूद होती. कोठारेही मोकळी झाली आणि साम्यवादी गोटाकडे झुकू पाहणाऱ्या देशांस आपल्याकडे राखण्याचे साधनही हाती आले.

या योजनेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे भारत. मे 1960 मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांसाठी 1 कोटी 60 लाख टन गहू व 10 लाख टन तांदूळ यांचा करार केला. किंमत रुपयांत द्यावयाची, म्हणजे सौदा वरवर अगदी सोयीचा. पण ज्याच्याकडून माल असा सवलतीने येतो त्याच्यापुढे जपून बोलावे लागते, हे पेढीवरचा पोरगाही जाणतो. 1965 व 1966 अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. नेमके त्याच सुमारास अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता थोडे थोडे धान्य सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा एक आग्रह. आणि व्हिएतनामवरील बाँबवर्षावाविषयी दिल्लीने केलेली टीका त्यांस झोंबत होती, हे दुसरे कारण. पुढचे जहाज केव्हा सुटावयाचे, हे वॉशिंग्टनच्या मर्जीवर राहिले. रेशनच्या रांगेत उभे राहून मिलोची लाल ज्वारी आणल्याच्या आठवणी सांगणारी वडील माणसे आपल्या कित्येक घरांत आहेत. त्या ज्वारीबरोबर किती मिंधेपणा येत होता, हे त्यांस सांगावयास नको.

भारताने 1966 मध्येच 18,000 टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे मागविले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही भाषणाहून मोठी वाटते. अमेरिकेच्या खात्यावर साचलेल्या रुपयांपैकी 1,664 कोटींचा धनादेश राजदूत मॉयनिहान यांनी फेब्रुवारी 1974 मध्ये भारत सरकारला दिला आणि त्या खात्याचा मोठा भाग मिटला.

आता हेच शस्त्र प्रतिस्पर्ध्यावर उगारले तेव्हा काय झाले ते पाहू. 1972 मध्ये सोव्हिएत रशियाचे पीक बुडाले. त्यांच्या अधिकाऱ्यांनी गाजावाजा न करता निरनिराळ्या अमेरिकन कंपन्यांकडून सुमारे 1 कोटी 90 लाख टन धान्य उचलले. एका कंपनीस दुसरीच्या सौद्याचा पुरता पत्ता नव्हता. वर अमेरिकन सरकार निर्यातीला अनुदान देतच होते! वर्षभरात गव्हाचा भाव दुपटीहून अधिक चढला. खरेदी कशी करावी, याचा हा धडा साम्यवाद्यांनी भांडवलदारांस द्यावा, याची आम्हांस मौज वाटते.

डिसेंबर 1979 मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. 4 जानेवारी 1980 रोजी अध्यक्ष कार्टर यांनी, आधीच्या कराराने बांधलेले 80 लाख टन सोडून, वरचे 1 कोटी 70 लाख टन धान्य रोखले. अर्जेंटिनाने या बंदीत सामील होण्यास नकार दिला. रशियाने चढा भाव देऊन तेथून माल उचलला. फौजा मात्र अफगाणिस्तानातच राहिल्या. इकडे अमेरिकन शेतकरी संतापला आणि एप्रिल 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी बंदी उठविली.

1966 मध्ये भारताजवळ ना परकीय चलन होते, ना दुसरा विक्रेता. 1980 मध्ये रशियाजवळ दोन्ही होते. शस्त्र तेच, हातही तोच. फरक बाजारात दुसरे दुकान उघडे असण्याचा. शिवाय ‘याचा माल केव्हा अडेल याचा नेम नाही’ असा बोलबाला झाला, तो पुसणे अमेरिकेस जड गेले. 270 दिवसांत माल पोचविण्याचे सौदे आधी झालेले असतील तर एरवीच्या निर्यातबंदीने ते मोडू नयेत, असा कायदाच तेथे करावा लागला. दिलेला शब्द पाळण्यासाठी महासत्तेला स्वतःच्या सरकारला कायद्याने बांधावे लागले! 2018 मध्ये अमेरिकेच्या जकातींना उत्तर म्हणून चीनने अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के जकात बसविली, तेव्हा चीनने ब्राझीलची वाट धरली व अमेरिकेस आपल्या शेतकऱ्यांस भरपाई द्यावी लागली.

ज्या रशियाला एके काळी गहू मागावा लागे, तोच पुढे जगातील अग्रगण्य गहू-निर्यातदार झाला. युक्रेनशी युद्ध जुंपल्यावर काळ्या समुद्रातील युक्रेनची बंदरे अडली. 22 जुलै 2022 रोजी इस्तंबूल येथे तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या मध्यस्थीने समझोता होऊन धान्य सुटले. 17 जुलै 2023 रोजी रशियाने त्यातून अंग काढून घेतले. त्यानंतर युक्रेनने रुमानिया व बल्गेरिया यांच्या किनाऱ्यालगतचा मार्ग धरला आणि गव्हाची जहाजे पुन्हा निघू लागली.