बेण्यातला छुपा रोग ओळखणारी ‘एकवाण’ प्रतिद्रव्ये



बेणे निवडताना आपण कांडी बघतो, डोळा बघतो, कीड आहे का तेही बघतो. पण काही रोग नुसते बघून कळतच नाहीत. खोडवा खुजा राहण्याचा रोग त्यातलाच. लागणीचा ऊस बाहेरून निरोगी दिसतो. कोयत्याच्या पात्यावरून रोग या बेटातून त्या बेटात जातो आणि खोडव्याला टनेज घटते.

असे लपलेले जंतू हुडकण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिद्रव्ये, म्हणजेच अँटिबॉडी वापरतात. जनावराच्या शरीरात परका जंतू शिरला की त्याला नेमके चिकटणारे हे द्रव्य रक्तात तयार होते. सशाला जंतू टोचून ते मिळते. पण त्यात अनेक प्रकारांची मिसळ असते आणि दर सशाची मिसळ निराळी. भेसळीच्या बेण्यासारखीच गत!

यावर १९७५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी तोड काढली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. उंदराला जंतूचा अंश टोचला की त्याच्या पाणथरीतील पेशी प्रतिद्रव्य करतात, पण काचपात्रात त्या थोड्याच दिवसांत मरतात. उलट कर्करोगाच्या पेशी वाढतच राहतात. शास्त्रज्ञांनी या दोहोंचा संकर केला. कोइमतूरला गोड ऊस आणि काटक रानगवत यांचा संकर करून दोन्हींचे गुण एकत्र आणले, तसाच हा प्रकार. खास द्रावणात फक्त संकरित पेशी जगतात. त्यांतून हवे ते प्रतिद्रव्य देणारी एकच पेशी निवडून वाढवतात. एका डोळ्यापासून सगळा प्लॉट करावा तसेच हे. म्हणून ‘मोनोक्लोनल’, म्हणजे एकवाण. या पेशी कृत्रिम रेतनाच्या कांड्यांप्रमाणे द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतात.

तपासणी अशी. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाला प्रतिद्रव्य चिकटवतात. त्यात पानाचा किंवा कांडीचा रस घालतात. जंतू असेल तर तो अडकतो, बाकीचे धुऊन जाते. मग रंग आणणारे विकर जोडलेले दुसरे प्रतिद्रव्य घालतात. रंग आला की रोग आहे. या चाचणीला एलायझा म्हणतात. घरी करतात त्या गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्टीचे तत्त्वही हेच. उसासाठी काही ठिकाणी सशाची मिश्र प्रतिद्रव्ये अजूनही वापरतात, तर हल्ली पीसीआर चाचणीही होते.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रतिद्रव्य फक्त आपल्याच जंतूला ओळखते. मोझॅकच्या चाचणीत रंग आला नाही, म्हणून खोडव्याचा रोग नाही असे होत नाही. शिवाय तपासणीने रोग बरा होत नाही.

तरी ‘तपासलेले बेणे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या रोगासाठी तपासले, नमुने किती घेतले, हे विचारा. मूलभूत बेण्याला उष्ण प्रक्रिया झाली आहे का, तेही विचारा. गरम पाण्याची असेल तर ५० अंश सेल्सिअसला २ तास लागतात. आणि बेणे तोडताना कोयता निर्जंतुक करायला विसरू नका. एका बेण्यावर आपले दोन-तीन खोडवे अवलंबून असतात.

— ऊस विकास अधिकारी