अडीचशे ग्रॅमचा हिशेब

नववीत असताना एनसीसीच्या कॅम्पात मी आयुष्यातली पहिली गोळी झाडली. ताडपत्रीवर पालथं पडायचं, पाय फाकवायचे, रायफलचा दस्ता खांद्याच्या खळग्यात दाबून धरायचा. उस्तादांनी आदल्या संध्याकाळी पुरेसं घाबरवून ठेवलं होतं: ढिली धरलीस तर बंदूक मागे मारते, खांदा निखळतो. रात्रभर खांद्याचीच काळजी. सकाळी चाप ओढला तेव्हा कुणीतरी मागून बोटानं टोचून हाक मारावी एवढंच वाटलं. पाच गोळ्या संपल्या, खांदा जागेवर. काडतूस होतं ‘पॉइंट टू टू’, म्हणजे .22, आणि रायफल होती जवळपास चार किलोची.

याच .22 काडतुसासाठी आपल्याकडे एक रिव्हॉल्व्हर निघालं. ‘निडर’ त्याचं नाव. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं ते 2015 मध्ये बाजारात आणलं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, वजन फक्त 250 ग्रॅम. वाण्याकडची पाव किलो साखर. खिशात टाकलं तर सदऱ्याचा खिसाही फारसा लोंबणार नाही. छोटं शस्त्र निवडणारा माणूस आधी हेच बघतो: किती हलकं आहे? वजन कमी तेवढी वस्तू चांगली, हे आपण मोबाइलपासून सायकलीपर्यंत सगळीकडे शिकलोय. बंदुकीच्या बाबतीत मात्र न्यूटन मध्ये येतो.

गणित शाळेच्या पुस्तकातलं आहे. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जाते, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. .22 ची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची. रायफलच्या लांब नळीतून ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. तिच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायूही सुटतो. त्याचं वजन नगण्य, पण वेग गोळीच्या कितीतरी पट, म्हणून त्याचाही वाटा धरावा लागतो. सगळं मिळून चार किलोची रायफल सेकंदाला पाव मीटर एवढ्या वेगानं मागे येते. आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? मग असं समजा: चार किलोची पिशवी तळहातावर तीन मिलिमीटर उंचीवरून सोडली. माझा खांदा का निखळला नाही ते आता कळेल.

आता तेच काडतूस खेळाच्या पिस्तुलात घाला. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात हेच .22 वापरतात. नियमानं पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत असू शकतं, आणि बहुतेक नेमबाज एक किलोच्या वरचंच वापरतात. तिथं हिशेब येतो तीन सेंटिमीटरवरून पडलेल्या किलोभर वजनाचा. आणि अडीचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये? नळी आखूड असल्यानं गोळीचा वेग थोडा कमी भरतो, तरीसुद्धा रिव्हॉल्व्हर सेकंदाला तीन मीटरच्या पुढे वेग घेऊन हातावर येतं. म्हणजे अर्ध्या मीटरवरून पडलेली ती पाव किलो साखर. दुखणार नाही, पण हात हलल्याशिवाय राहणार नाही. काडतूस तिन्हीकडे एकच: तीन मिलिमीटर, तीन सेंटिमीटर, अर्धा मीटर.

खरं तर इथवर सगळं सुसह्यच आहे, कारण काडतूस लहान आहे. हलक्या रिव्हॉल्व्हरला लहान काडतूसच शोभतं, हे आपल्याकडच्या कायद्यानं नकळत लोकांच्या गळी उतरवलं. .38 आणि 9 मिलिमीटर ही पोलिस आणि लष्कराची मापं. सामान्य परवानाधारकाला ती निषिद्ध. त्यांच्या खालोखाल उरतं ते .32. म्हणून भारतात खिशातलं रिव्हॉल्व्हर म्हटलं की .32 च समोर येतं. हे काडतूस 1896 चं, अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनचं. तिथं खिशातल्या शस्त्रासाठी ते आता मागे पडलंय, पण 25 मीटर सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभरचे नेमबाज आजही तेच पसंत करतात. कारण एकच, ते हाताला त्रास देत नाही. आपल्याकडे पोलिसांनी जप्त केलेल्या काडतुसांच्या बातम्यांत पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असल्याचा उल्लेख कधीकधी येतो. ती अक्षरं आपल्या पुण्याची आहेत: किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना.

2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं .32 मध्येच ‘निर्भीक’ काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सहा गोळ्यांचं, 500 ग्रॅम वजनाचं. दिल्लीच्या ‘निर्भया’ची आठवण म्हणून हे नाव, आणि बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी जाहिरात. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या मुलीच्या आठवणीत हे नाव ठेवलं ती रात्री बसनं घरी निघाली होती. सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर कुणासाठी होतं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. यंत्र म्हणून मात्र ‘निर्भीक’चा हिशेब वाईट नाही. गोळी सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. संवेग .22 च्या दुप्पट, वजनही ‘निडर’च्या दुप्पट, म्हणून मागे येण्याचा वेग जवळपास तेवढाच. अर्ध्या मीटरवरून पडलेली साखर, फक्त पुडी अर्ध्या किलोची.

हिशेब बिघडतो तो अमेरिकेत. तिथं काडतुसावर असं बंधन नाही, त्यामुळे हलकेपणाचा हव्यास कुठवर जातो ते बघायला मिळतं.

सुरुवात अमेरिकी हवाई दलानं केली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला वैमानिकांसाठी .38 चं असं रिव्हॉल्व्हर करून घेतलं, ज्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि गोळ्यांचं फिरतं सिलिंडरही ॲल्युमिनियमचंच. विमानात प्रत्येक ग्रॅम मोजतात, तेव्हा कल्पना चुकीची म्हणता येणार नाही. पण काडतूस फुटतं ते सिलिंडरमध्ये. सगळा दाब तिथल्या पातळ भिंतींवर येतो, आणि ॲल्युमिनियम वारंवार ताण सोसण्यात पोलादापुढे दुबळं. सिलिंडरं निकामी व्हायला लागली. आधी दारू कमी केलेली खास काडतुसं दिली, तरी भागेना, आणि शेवटी दशक संपता संपता बहुतेक सगळी रिव्हॉल्व्हरं चक्क नष्ट करून टाकली. तेव्हापासून कारखान्यांनी धडा घेतला: सांगाडा हलका चालेल, सिलिंडर पोलादाचंच हवं.

हा धडा मोडला टायटॅनियमनं. पोलादाची घनता 7.8, टायटॅनियमची 4.5, ॲल्युमिनियमची 2.7. टायटॅनियमचे मिश्रधातू बळकटीला चांगल्या पोलादाशी बरोबरी करतात, वजन मात्र निम्म्याहून थोडं जास्त. सांगाड्यासाठी आलं स्कँडियम. मेंडेलीव्हनं 1871 मध्ये आपल्या तक्त्यात एक घर रिकामं ठेवून ‘इथं एक मूलद्रव्य असणार’ असं भाकीत केलं होतं, तेच हे. आठ वर्षांनी स्वीडनच्या निल्सनला ते सापडलं. पुढं सोव्हिएत रशियानं मिग-29 विमानांसाठी स्कँडियम घातलेलं ॲल्युमिनियम वापरलं. स्कँडियमचा सांगाडा म्हणतात तेव्हा त्यात शंभरात अर्धा भागही स्कँडियम नसतं, बाकी ॲल्युमिनियमच. पण ती चिमूट काम करते. तिच्यामुळे धातूत अब्जांश मीटरच्या मापाचे कठीण कण पसरतात आणि अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला लागले की ते खिळ्यासारखे आडवे येतात. पिठात मोहन घालतो तसाच प्रकार, आणि पुरी वेगळीच.

या दोघांतून तयार झालं साडेतीनशे ग्रॅमच्या आतलं रिव्हॉल्व्हर, आणि त्यात घातलं .357 मॅग्नम. .32 च्या अडीच-तीन पट संवेगाचं काडतूस, आणि रिव्हॉल्व्हर ‘निर्भीक’पेक्षाही हलकं. मागे येण्याचा वेग सेकंदाला तेरा-चौदा मीटर. आपल्या साखरेच्या भाषेत सांगायचं तर पाव किलोच्या वरची पुडी तिसऱ्या मजल्यावरून तळहातावर झेलायची. पाच वेळा, लागोपाठ, तेही करंगळी बाहेर लोंबत असताना, कारण एवढ्या छोट्या मुठीवर जेमतेम दोन बोटं मावतात. नळी मुठीच्या वर असल्यानं धक्का सरळ मागे जात नाही. मनगटाभोवती रिव्हॉल्व्हर उसळतं आणि तोंड आभाळाकडे जातं.

हाताचं काय व्हायचं ते होवो, पण काडतुसांचंही होतं, आणि मला हा प्रकार फार आवडतो. खेड्यात कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की माणूस काय करतो? पातं खाली लोंबेल अशी कुऱ्हाड हातात उभी धरतो आणि दांड्याच्या वरच्या टोकावर दगडानं ठोकतो. दांडा खाली सरकतो, पण जड पातं जडत्वामुळे जागचं हलत नाही. दांडा त्यात घट्ट शिरतो. अति हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त उलटं. पहिली गोळी सुटते, रिव्हॉल्व्हर झटक्यानं मागे येतं, सिलिंडरमधली उरलेली काडतुसं बुडाच्या कडेला अडकून त्याच्याबरोबर मागे ओढली जातात. पण पुंगळीच्या तोंडात बसवलेली शिशाची गोळी जड. ती जडत्वानं जागीच राहू बघते. दोन-तीन धक्क्यांत ती पुंगळीतून मिलिमीटरभर बाहेर सरकते, सिलिंडरच्या पुढं डोकावते, आणि सांगाड्याला अडून सिलिंडर फिरायचंच थांबतं. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, अशी त्याची ख्याती. इथं ते स्वतःच्याच धक्क्यानं अडकतं.

टायटॅनियमच्या सिलिंडरचे लाडही वेगळे. अशाच एका मॉडेलच्या नळीवर सूचनाच कोरलेली असते: 120 ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नये. हलकी गोळी लवकर सटकते, मागे अर्धवट जळती दारू राहते आणि ती टायटॅनियम खाते. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट असते. तिथून बाजूला फुटणारी ज्वाळा वरच्या ॲल्युमिनियमला कापू नये म्हणून तिथं पोलादाची बारीक पट्टी बसवावी लागते. वजन कमी करायला निघालेला इंजिनियर शेवटी पोलादाचाच तुकडा चिकटवतो, याची मला गंमत वाटते.

धक्का तर गोळी सुटल्यावरचा. नेम त्याआधीच बिघडू शकतो, आणि त्याचंही मूळ वजनातच आहे. खेळाच्या पिस्तुलाला नियमानं चाप निदान एक किलो बळानं ओढावा लागतो, आणि पिस्तूल असतं त्याहून जड. खिशातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच ओढीत घोडा मागे जायचा, सिलिंडर फिरायचं आणि घोडा पडायचा, म्हणून त्याला पाचेक किलो बळ लागतं. पाच किलोनं ओढताय काय, तर अडीचशे ग्रॅमची वस्तू. वीसपट. टेबलावर ठेवलेली काडेपेटी न हलवता तिच्यावर खोडरबर घासून बघा, म्हणजे अंदाज येईल. .22 मध्ये तर ओढ आणखी जड ठेवावी लागते. त्याचं पेटवण बुडाच्या कडेत असतं आणि ती कड चेपायला घोड्याचा दणका जोरात हवा. शिवाय नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यात जेमतेम नऊ सेंटिमीटर अंतर. तिथं माशी एक मिलिमीटर हलली की दहा मीटरवर गोळी अकरा सेंटिमीटर बाजूला.

म्हणून कुणी विचारलंच, तर मी सांगतो की ताजव्यात ठेवून निवडू नका. हलकं शस्त्र वर्षातले सगळे दिवस बाळगायला सोपं असतं आणि चालवायच्या एका क्षणाला अवघड. शंभर-दोनशे ग्रॅम जास्त असले तर पट्ट्याला ओझं वाटेल, पण तेवढाच धक्का ते स्वतः गिळतील. आणि अगदी हलकंच हवं असेल तर काडतूस लहान ठेवा. मोठं काडतूस आणि हलका सांगाडा ही जोडी कागदावरच शोभते.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या नेमबाजी प्रशिक्षकांकडे रेंजवर गेलो होतो. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण एनसीसीची फुशारकी अजून गेलेली नाही. त्यांनी .32 चं छोटं रिव्हॉल्व्हर भरून हातात दिलं. पहिल्या गोळीला मनगट उसळलं, कानावर आवरण असूनही आवाज छातीत बसला. दुसरी कागदाच्या कडेला लागली. तिसरी मातीत. मी म्हणालो, ‘‘सर, याची माशी वाकडी दिसतेय.’’

ते काही बोलले नाहीत. रिव्हॉल्व्हर घेऊन पाठ फिरवली, भरलं, परत दिलं. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. टक्. त्यांनी भरलेल्यांमध्ये एक रिकामी पुंगळी घातली होती. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. आणि नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलेलं.

‘‘आता सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘माशी वाकडी आहे का?’’