मोटारगाडीचे साहाय्यित प्रारंभण

मोटारगाडीतील विद्युत् घटमाला उतरल्यामुळे एंजिन सुरू होत नसेल, तेव्हा दुसऱ्या गाडीतील भारित घटमाला जाड तारांच्या जोडीने तिला तात्पुरती जोडून एंजिन सुरू करण्याच्या क्रियेस साहाय्यित प्रारंभण म्हणतात. व्यवहारात घटमालेस बॅटरी व या क्रियेस ‘जंप स्टार्ट’ ही नावे रूढ आहेत. क्रिया दिसण्यास सोपी असली, तरी जोडणीचा क्रम चुकल्यास घटमालेचा स्फोट होऊ शकतो. तसेच एंजिन सुरू झाले, तरी घटमाला उतरण्याचे मूळ कारण कायम राहते. म्हणून सुरक्षित जोडणी व त्यानंतरचे दोषशोधन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पार्श्वभूमी : सुरुवातीच्या मोटारगाड्यांचे एंजिन समोरून हँडल घालून हाताने फिरवीत. एंजिनाने उलट झटका दिल्यास हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेले विद्युत् प्रारंभक चलित्र १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आले. पुढे ते सर्वत्र प्रचारात आले व एंजिन सुरू करणे घटमालेवर अवलंबून राहू लागले. आपल्याकडे या चलित्रास बोली भाषेत ‘सेल्फ’ म्हणतात. त्यास वीज पुरविणारा शिसे-अम्ल घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधून काढला.

नेहमीच्या घटमालेत असे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित व स्थिर अवस्थेत तिचा विद्युत् दाब सु. १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ व्होल्ट असल्यास घटमाला सु. निम्मी, तर ११.९ व्होल्टच्या खाली गेल्यास जवळजवळ पूर्ण उतरलेली समजतात. लहान पेट्रोल एंजिन फिरविताना चलित्र शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह घेते. डीझेल एंजिनास याहून अधिक प्रवाह लागतो. त्यामुळे दिवे मंद का होईना लागतात, पण एंजिन फिरत नाही, अशी स्थिती नेहमी आढळते.

धोके : भारण होत असताना घटमालेतील पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण घनफळाने ४ ते ७५ टक्के असताना मिश्रण स्फोटक असते व अगदी लहान ठिणगीनेही ते पेट घेते. स्फोट झाल्यास घटमालेच्या आवरणाचे तुकडे व सल्फ्यूरिक अम्ल आसपास उडते. म्हणून काम करताना चष्मा वापरावा, घटमालेजवळ धूम्रपान करू नये व काडी ओढून आत पाहू नये. अम्ल डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. उतरलेल्या घटमालेतील अम्ल विरल झालेले असल्याने ते भारित घटमालेतील अम्लापेक्षा पुष्कळ वरच्या तापमानाला गोठते. लडाख, स्पिती यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात हा प्रश्न उद्‌भवतो. गोठलेली, फुगलेली, तडा गेलेली अथवा गळणारी घटमाला कधीही जोडू नये.

जोडण्याची पद्धत : दोन्ही घटमालांचा विद्युत् दाब समान असला पाहिजे. अनेक मालमोटारींची विद्युत् यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती १२ व्होल्टच्या गाडीस जोडल्यास इलेक्ट्रॉनीय उपकरणे निकामी होतात. दोन्ही गाड्या परस्परांना स्पर्श करणार नाहीत अशा उभ्या कराव्यात, हातब्रेक लावावेत, दंतचक्रपेटी तटस्थ स्थितीत ठेवावी व सर्व दिवे, पंखे इ. बंद करावेत. त्यानंतर पुढील क्रम पाळावा : (१) लाल तारेचे एक टोक उतरलेल्या घटमालेच्या धन अग्रास जोडावे, (२) तिचे दुसरे टोक भारित घटमालेच्या धन अग्रास जोडावे, (३) काळ्या तारेचे एक टोक भारित घटमालेच्या ऋण अग्रास जोडावे, (४) तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या एंजिनावरील रंग नसलेल्या जाड धातूच्या भागास, घटमालेपासून दूर जोडावे.

शेवटच्या जोडणीने मंडल पूर्ण होते व त्या क्षणी ठिणगी पडते. घटमालेच्या तोंडाशी हायड्रोजन साचलेला असण्याचा संभव असल्याने ही ठिणगी तेथून दूर पडावी, हा चौथ्या पायरीचा उद्देश आहे. अग्रांची उलटापालट झाल्यास फार मोठा प्रवाह वाहतो, मुख्य वितळतार जळते व प्रत्यावर्तकातील डायोड निकामी होतात.

जोडणी झाल्यावर चालू स्थितीतील गाडीचे एंजिन काही मिनिटे चालवावे व मग बंद गाडीचे चलित्र फिरवावे. एका वेळी ते दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये व दोन प्रयत्नांमध्ये त्यास थंड होऊ द्यावे. एंजिन सुरू झाल्यावर तारा नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. काढण्यापूर्वी सुरू झालेल्या गाडीतील हवेचा पंखा चालू ठेवल्यास विद्युत् दाबाची अकस्मात होणारी वाढ काही अंशी शोषली जाते. विद्युत् व संकरित गाड्यांत १२ व्होल्टची साहाय्यक घटमाला असली, तरी त्यांतील अनेक गाड्यांनी दुसऱ्या गाडीस साहाय्य करणे वर्ज्य असते. अशा वेळी निर्मात्याच्या सूचना पाहाव्यात.

गाडीस धक्का मारून एंजिन सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे परिचित आहे. ती स्वयंचलित दंतचक्रपेटीच्या गाडीस सामान्यतः लागू पडत नाही. घटमाला पूर्ण उतरलेली असल्यास इंधनाचे विद्युत् पंप व नियंत्रक चालत नाहीत, त्यामुळे आधुनिक गाडीसही तिचा उपयोग होत नाही. शिवाय न जळलेले इंधन निष्कास नळीतील उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन त्याची हानी होऊ शकते.

दोषशोधन : एंजिन चालू असताना घटमालेच्या अग्रांवर व्होल्टमापक लावावा. सर्वसाधारण गाडीत दाब १३.८ ते १४.४ व्होल्ट आढळल्यास प्रत्यावर्तक कार्यक्षम समजावा. तो १२.५ व्होल्टच्या आसपास राहून हळूहळू उतरत असेल, तर प्रत्यावर्तकाचा पट्टा सैल असणे, जोडणी तुटणे किंवा प्रत्यावर्तकच बिघडणे ही कारणे संभवतात. दाब १५ व्होल्टच्या वर जात असल्यास नियामक सदोष असून घटमाला अतिभारित होते. प्रत्यावर्तक तपासण्यासाठी एंजिन चालू ठेवून घटमालेची तार काढून पाहण्याची जुनी रीत घातक आहे. तीमुळे दाब एकदम वाढून डायोड व नियंत्रक जळतात.

पुन्हा सुरू करताना दिवे अतिशय मंद होत असतील, तर घटमाला दुर्बल आहे किंवा अग्रांची जोडणी खराब आहे. दिवे तेजस्वी राहूनही चलित्र निश्चल असेल, तर दोष चलित्रात, त्याच्या परिनालिकेत वा स्विचमध्ये शोधावा. भारित घटमालेचा दाब चलित्र फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असल्यास ती बदलण्याजोगी झालेली असते. एंजिन व घटमालेचे ऋण अग्र यांच्यातील दाबाचा फरक त्या वेळी अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर भूयोजनाची पट्टी गंजलेली वा सैल असते. कोकण व गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष विशेष आढळतो.

सर्व काही ठीक असूनही घटमाला रात्रीतून उतरत असल्यास गुप्त प्रवाहगळती असते. गाडी बंद करून व नियंत्रक निद्रिस्त होण्यास सु. अर्धा तास देऊन ऋण तारेत एकसरीत अँपिअरमापक जोडतात. मात्र मापक जोडलेला असताना चलित्र फिरवू नये. प्रवाह साधारणतः ०.०५ अँपिअरपर्यंत असणे क्षम्य आहे. जास्त आढळल्यास एकेक वितळतार काढून कोणत्या मंडलात तो वाहतो हे ठरवितात. सामानाच्या कप्प्यातील ५ वॉटचा दिवा चालू राहिला, तर तो सु. ०.४ अँपिअर प्रवाह घेतो व ४५ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला पाच दिवसांच्या आत रिकामी करतो. समोरचे दोन मोठे दिवे हेच काम चार-पाच तासांत करतात.

दाब कमी झाल्यामुळे नियंत्रकांत दोषसंकेत नोंदले जाऊन काही सूचक दिवे पेटलेले राहतात. घटमाला पूर्ण भारित केल्यावरही ते विझले नाहीत, तरच पुढील तपासणी आवश्यक असते.

निगा : गाडी अर्धा तास चालविल्याने उतरलेली घटमाला पूर्ण भारित होत नाही. अर्धवट भारित ठेवल्यास पट्ट्यांवरील लेड सल्फेटाचे स्फटिक कठीण होतात व क्षमता कायमची घटते. म्हणून स्वतंत्र भारकाने, क्षमतेच्या सु. एकदशांश प्रवाहाने, उघड्या हवेशीर जागी तिचे पूर्ण भारण करावे. अग्रांवरील साका खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने धुऊन त्यांवर पेट्रोलियम जेली लावतात. घटमाला काढताना ऋण तार प्रथम काढतात व बसविताना ती शेवटी जोडतात. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात पाण्याचे बाष्पीभवन व पट्ट्यांचे क्षरण जलद होत असल्याने पाणी घालण्याची सोय असलेल्या घटमालेत ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी वरचेवर पाहावी. निकामी घटमालेत विषारी शिसे असल्याने ती कचऱ्यात न टाकता पुनर्चक्रणासाठी परत करावी. याविषयी भारतात २०२२ पासून घटमाला अपशिष्ट व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत.