मित्र कोळी आणि हवामानाचे गणित

हरितगृहातील गुलाब, काकडी वा स्ट्रॉबेरीच्या पानामागे लाल कोळ्याची वसाहत वाढू लागली, की ती बहुधा उशिराच लक्षात येते. जेमतेम अर्धा मिलिमीटर आकाराची ही कीड पानातील रस शोषते आणि पाने पिवळी पडत जातात. अनेक रसायनांना ती आता दाद देत नाही. म्हणूनच तिच्यावर जगणारे परभक्षी कोळी पिकात सोडण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. मात्र या 'मित्र कोळ्यां'चे यश तापमान आणि आहार या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

यांपैकी सर्वांत परिचित कोळी म्हणजे 'फायटोसियुलस पर्सिमिलिस'. चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस सापडला. अंडे, अळी, पिलाच्या दोन अवस्था आणि प्रौढ असा त्याचा जीवनक्रम आहे. २० अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला सुमारे नऊ दिवस लागतात. लाल कोळ्याला मात्र जवळपास दुप्पट अवधी लागतो. भक्षक भक्ष्यापेक्षा वेगाने वाढतो, हेच या पद्धतीचे मर्म होय.

परंतु तापमान तिशीपलीकडे गेले आणि हवा कोरडी झाली, की पारडे फिरते. आर्द्रता ६० टक्क्यांखाली घसरल्यास भक्षकाची अंडी सुकू लागतात, तर लाल कोळी अशाच हवेत फोफावतो. महाराष्ट्रातील पॉलिहाऊसमध्ये उन्हाळ्यात नेमकी हीच स्थिती उद्भवते.

आहाराची बाबही तितकीच निर्णायक ठरते. पर्सिमिलिस केवळ लाल कोळी व त्याच्या जवळच्या जातींवरच वाढतो. शिकार संपली, की तो उपाशी मरतो किंवा अन्यत्र निघून जातो. याउलट 'अँब्लिसियस स्विर्स्की' हा फुलकिडे व पांढरी माशी यांच्यासोबत परागकणांवरही वाढतो. त्यामुळे काही ठिकाणी पिकावर पाणकणसाचे पराग भुरभुरून कीड येण्यापूर्वीच त्याची फौज तयार ठेवली जाते.

तात्पर्य, मित्र कोळी ही बाटलीतील औषधासारखी केव्हाही वापरण्याची वस्तू नव्हे. कीड थोडी असतानाच, हवेतील उष्मा व ओलावा पाहून आणि भक्षकाच्या अन्नाची सोय लक्षात घेऊन ते सोडले, तरच फवारणीचा खर्च आणि विषाचा अंश, दोन्ही कमी होतात.