दुकानाच्या शिक्क्याची डाळ व गिऱ्हाइकांचे मत

केज वा अंबाजोगाईच्या बाजारात तुरीचे माप घालून यावे आणि पुढे दोन महिन्यांनी पुण्यास नोकरीस असलेल्या लेकाने आणलेले तूरडाळीचे पाकीट घरात फुटावे, ही गोष्ट युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत आता नवलाची राहिलेली नाही. त्या पाकिटावर ठळक अक्षरांत नाव असते ते डाळ करणाऱ्या गिरणीचे नव्हे, तर विकणाऱ्या दुकानाचे. अशा मालास आम्ही ‘दुकानाच्या शिक्क्याचा माल’ म्हणू. त्याविषयी शहरातील गिऱ्हाईक काय बोलते, हे आपण शेतकऱ्यांनी का ऐकावे, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

ही रीत नवी नाही. इंग्लंडातील रॉचडेल येथे 1844 साली विणकरांनी सहकारी दुकान काढले, तेव्हा भेसळ नसलेला माल हेच त्यांचे मुख्य वचन होते. तेथील मार्क्स अँड स्पेन्सर या पेढीने 1928 साली ‘सेंट मायकेल’ हा आपला शिक्का नोंदविला. आपल्याकडे मुंबईच्या नायगावात 1948 साली कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला. पुढे 2002 साली पवईस डीमार्टचे पहिले दुकान निघाले, व आज ‘प्रीमिया’ या नावाने त्याचा स्वतःचा माल मिळतो.

आता यातील मेख पाहावी. दुकानदाराची स्वतःची गिरणी बहुधा नसते. तो दर मागवितो, नमुना पाहतो व ज्याचा सौदा पटेल त्याच्याकडून पाकिटे भरून घेतो. जाहिरातीचा खर्च थोडा, म्हणून किंमत कमी. परंतु पुढील हंगामी गिरणी बदलली, तरी पाकिटाचे रूप तेच राहते. गिऱ्हाइकास बदल कळतो तो चुलीवर. ‘मागल्या खेपेची डाळ दोन शिट्यांत शिजत होती, ही चार शिट्या घेते’, ‘वरणास पूर्वीची चव नाही’, ‘डाळीस तेलाचा हात जास्त लागला आहे’, अशी बोलणी शहरातील घरोघर ऐकू येतात. उलट, ‘स्वस्त आहे, निवडावी लागत नाही, खडा नसतो’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

चव बदलण्यास कारणे अनेक. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेली बीडीएन 711 ही तूर पांढरी, तर बीडीएन 716 लाल. शिवाय म्यानमार, मोझांबिक, टांझानिया येथूनही तूर देशात येते. भिजवून केलेली डाळ व कोरडी भरडलेली डाळ यांची शिजण्याची तऱ्हा निराळी. जुनी तूर उशिरा शिजते, हे तर आपल्या घरच्या बायकांस कोणी शिकवावयास नको. हे सर्व एकाच पिशवीच्या नावाखाली आळीपाळीने येऊ शकते.

वजनाचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चहा, बिस्किटे, तेल, कडधान्ये इत्यादी कित्येक जिनसा ठरावीक मापांतच भराव्यात, असे बंधन पूर्वी होते. 2021 साली झालेल्या दुरुस्तीने ते उठविले गेले व त्याच्या बदल्यात एकक दर छापणे आवश्यक झाले: एक किलोहून कमी मालास दर ग्रॅमाचा भाव, अधिकास दर किलोचा. एक लिटर गोडे तेल सुमारे 910 ग्रॅम भरते; 850 ग्रॅमची पिशवी शेजारी ठेवली तर डोळ्यास फरक दिसत नाही. म्हणून किंमत न पाहता तो बारीक छापलेला दर पाहावा. त्याच जागी माल भरणाऱ्याचे नाव, पत्ता व अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. दोन खेपांची पाकिटे जपून ठेवून हे नाव ताडून पाहिले, म्हणजे गिरणी बदलली की नाही ते आपोआप कळते.

शिक्का दुकानावर अवलंबून असतो, हेही विसरू नये. बिग बाजारात ‘गोल्डन हार्वेस्ट’ व ‘टेस्टी ट्रीट’ ही नावे घरोघर पोचली होती. 2022 च्या फेब्रुवारीत त्यांतील कित्येक दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली. गिऱ्हाइकाचा विश्वास ज्या नावावर बसला होता, त्या नावाचा धनीच अडचणीत आला.

आमचे आयुष्य तहसिलीच्या कागदांत गेले. सातबाऱ्यावर गट, क्षेत्र व पीक सारे लिहिलेले असते. पाकिटावर मात्र तुरीच्या गावाचा पत्ता नसतो. गिऱ्हाईक नाराज झाले की दुकान गिरणीस बोलते, गिरणी अडत्याकडे भाव पाडून मागते, आणि तो भाव शेवटी आपल्या ढिगावर उतरतो. ज्याची तूर स्वच्छ, एकजात व नीट वाळलेली होती, त्यालाही तोच भाव मिळतो, कारण ढीग एकत्र झालेले असतात. आमच्या मते खरा तोटा तेथे आहे.

यास उपाय म्हणजे ढीग वेगळा राखणे. 1937 च्या प्रतवारी कायद्यानुसार ॲगमार्कची सोय आहे; आणि 2002 च्या कंपनी कायदा दुरुस्तीपासून शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी स्थापता येते. गावच्या दहा-वीस खातेदारांनी एकाच वाणाची तूर पेरून, ती एकत्र वाळवून, भाडोत्री गिरणीत डाळ करून दिली, तर दुकानाच्या शिक्क्याखाली का होईना, भरणारा म्हणून पाकिटाच्या पाठीवर आपले नाव व पत्ता छापला जाईल. मुंबई ग्राहक पंचायत ही 1975 पासून सभासदांच्या गटांसाठी एकत्र खरेदी करीत आलेली संस्था आहे. अशा संघटित गिऱ्हाइकांस नमुना पाठवून त्यांचे मत मागविण्यास टपालाहून अधिक खर्च नाही. नमुना पाठविताना वाण, काढणीचा महिना व भरडण्याची पद्धत चिठ्ठीवर लिहावी, आणि त्याच ढिगातील शेरभर डाळ घरी बांधून ठेवावी, म्हणजे तक्रार आल्यास ताडून पाहता येईल.