स्पंजाच्या वाड्यातील बिऱ्हाडे

स्पंज म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. परंतु तळी, जलाशय आणि संथ नद्यांतही स्पंज असतात. बुडालेल्या दगडांवर व फांद्यांवर ते हिरवट किंवा करड्या थराच्या रूपात वाढतात आणि शेवाळ समजून दुर्लक्षिले जातात. मुंबई बेटावरील तळ्यांतील स्पंजांचे वर्णन एच. जे. कार्टर या शल्यचिकित्सकाने १८४९ मध्येच प्रसिद्ध केले होते.

स्पंज असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढतो, त्यातील जिवाणू व अन्नकण टिपतो आणि मोठ्या छिद्रांतून पाणी बाहेर सोडतो. खेळते पाणी, अन्नकण आणि लपायला पोकळ्या असल्यावर लहान प्राण्यांना आणखी काय हवे? कृमी, कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या आणि पाण्यातील माइट यांची बिऱ्हाडे या वाड्यात आढळतात. काही माइट तर आपली अंडीही स्पंजाच्या शरीरातच घालतात.

वाड्यात राहणे सोपे, पण वाडाच खाणे अवघड; कारण स्पंजाच्या शरीरात सिलिकाच्या सुईसारख्या कंटिका असतात. सिसिरा या कीटकाच्या अळीने यावर मार्ग काढला आहे. ती आपली लांब, सुईसारखी मुखांगे स्पंजाच्या पेशींत खुपसून रस शोषते. कंटिका गिळण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्ण वाढलेली अळी पाण्याबाहेर येऊन रेशमी कोष विणते. पुढे पंख फुटलेली मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यात पडतात आणि पुन्हा स्पंज शोधतात. युरोप-अमेरिकेतील सेराक्लिया या कॅडिसमाशीच्या काही जातींच्या अळ्या मात्र स्पंज कंटिकांसह कुरतडतात.

केवळ आसऱ्याला आलेला कृमी उद्या दगडाखालीही राहू शकेल. सिसिराच्या अळीला ती सोय नाही. तळे आटले, तर बहुतेक स्पंज जेम्यूल नावाच्या टणक कवचाच्या गोळ्या मागे ठेवतात आणि पाणी आल्यावर त्यांतून पुन्हा वाढतात. परंतु गाळाने छिद्रे बुजली आणि दगडही गाळाखाली गेले, तर स्पंजाबरोबर त्याच्यावर जगणारे कीटकही त्या तळ्यातून नाहीसे होतात.

वर्गात हे दाखवायचे असल्यास स्पंज असलेला लहान दगड त्याच तळ्याच्या पाण्यासह पांढऱ्या थाळीत ठेवावा आणि भिंगातून पाहावे. स्पंज बोटांनी चुरगळू नये. कंटिकांमुळे खाज सुटते. कोण नुसते राहते आणि कोण स्पंज खाते, याची यादी विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. नंतर दगड होता तेथेच परत ठेवावा.