खराब सेक्टर दिसले म्हणून हार्ड डिस्क लगेच भंगारात काढू नका

जुन्या हार्ड डिस्कमधला बिघाड अनेकदा एखाद्याच पट्ट्यात एकवटलेला असतो. सुरुवातीला डिस्क स्वतःच खराब सेक्टरचा पत्ता राखीव जागेकडे वळवते. ती जागा पुरेनाशी झाली, तर डेटा हलवून, लिनक्सवरच्या ‘बॅडब्लॉक्स’ने पूर्ण डिस्क तपासावी आणि खराब पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडून उरलेल्या भागात पार्टिशन करावीत.

अशा डिस्कवर भरवसाच ठेवू नये, हा आक्षेप रास्त आहे. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात पहिली स्कॅन-त्रुटी दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. म्हणूनच डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ अहवालातले ‘रीअलोकेटेड’ (राखीव जागेकडे वळवलेले सेक्टर) आणि ‘पेंडिंग’ (संशयित सेक्टर) हे आकडे काही आठवडे स्थिर राहिले, तरच डिस्क वापरावी. ते वाढत असतील तर बिघाड पसरतो आहे. तिथे पार्टिशनची मात्रा चालत नाही. स्थिर डिस्कवरही दुसरीकडे प्रत असलेलंच ठेवा: सिनेमे, इन्स्टॉलर, जादाचा बॅकअप. लग्नाचे फोटो एकट्या तिच्या भरवशावर मुळीच नकोत. एसएसडीला हा उपाय लागू नाही, कारण तिथे डेटाची प्रत्यक्ष जागा कंट्रोलर सतत बदलत असतो.